सहा वर्षं राहतोय, कागद एकही नाही, आता गप्प निघून जायचं का?

पत्र थोडक्यात (ओळख पटेल असे तपशील काढून टाकलेत)

सोलापुरातल्या अशोक चौकाच्या मागच्या बाजूला वरच्या मजल्यावर दोन खोल्यांत भाड्याने राहणाऱ्या एका ताईंचं पत्र आहे. नवरा टॉवेल कारखान्यात, ताई घरी शिलाई करतात, मुलगी नववीत, मुलगा सहावीत. सहा वर्षांपूर्वी ओळखीतून घर मिळालं, ३०,००० डिपॉझिट रोख दिलं, करार नाही, पावती नाही. भाडं ४,५०० होतं ते वाढत वाढत ६,५०० झालं. घरमालक खालीच राहतात, ताई त्यांना काका-काकू म्हणतात, मुलाला डेंग्यू झाला तेव्हा काकूंनी आठ दिवस डबा दिलेला. आता काकांचा मुलगा पुण्याहून परत आलाय आणि व्यवहार त्याने हातात घेतलाय. पुढच्या महिन्यापासून ९,००० द्या नाहीतर महिनाअखेर खोल्या रिकाम्या करा, आणि जाताना रंगकामाचे १२,००० डिपॉझिटमधून कापणार असं तो म्हणतो. ताईंनी नाही म्हटल्यापासून नळाला पाणी येतं त्या दिवशी मोटरच्या पेटीला कुलूप असतं. ताई लिहितात, "घर त्यांचं, आमच्याकडं कागद नाही, म्हणजे आमचा काहीच हक्क नाही ना? भाऊ म्हणतो भांडू नको, नाव झालं तर पुढं कोणी घर देणार नाही. काकांशी एवढं नातं, कोर्टाचं नाव कसं काढू? गप्प निघून जाऊ का?"

उत्तर

ताई, आधी पाण्याचं बोलू. भाडं, डिपॉझिट, करार हे आठ-पंधरा दिवस मागंपुढं झालं तर चालतं, पाण्याचं चालत नाही आणि सोलापुरात तर अजिबातच नाही. आपल्याकडं नळ रोज येत नाही, एक वेळ हुकली की पुढचे तीन-चार दिवस शेजारच्यांच्या दारात घागर घेऊन उभं राहायचं. तुम्ही लिहिलंय की रात्री अडीचला पाणी आलं, खालचा हौद भरून पाणी अंगणात वाहायला लागलं तरी पेटीचं कुलूप निघालं नाही, तुम्ही दोन कळश्या घेऊन जिन्यात बसून राहिलात आणि मुलगी मागून येऊन म्हणाली आई झोप की, उद्या शाळेत जाताना मी बाटल्या भरून आणते. हे वाचून मी पत्र थोडा वेळ बाजूला ठेवलं.

तर आधी हे ठाम सांगते. हे त्यांना करता येत नाही. घर त्यांचं असलं तरी येत नाही, भाडं थकलं असतं तरी येत नाही, आणि तुमचं तर एक रुपयाही थकलेलं नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम २९ मध्ये सरळ लिहिलंय की योग्य कारण नसताना मालकाने भाडेकरूचं पाणी, वीज, जिन्यातला दिवा, साफसफाई अशा आवश्यक सोयी तोडायच्या नाहीत. तोडल्या तर भाडेकरू कोर्टात अर्ज करू शकतो, कोर्ट त्या पुन्हा सुरू करायला सांगू शकतं, आणि मालकाला शिक्षा होऊ शकते. कुलूप लावणं म्हणजे तोडणंच आहे. पाईप कापला नाही म्हणून ते वेगळं होत नाही.

पुढच्या वेळी पाणी येईल तेव्हा मोबाईलवर त्या पेटीचा आणि वाहणाऱ्या हौदाचा व्हिडिओ घ्या, शांतपणे, कोणाच्या तोंडासमोर मोबाईल न नेता. आणि सकाळी काकांच्या मुलाला व्हॉट्सॲपवर दोन ओळी टाका: काल रात्री पाणी आलं तेव्हा मोटरला कुलूप होतं, आम्हाला पाणी मिळालं नाही, कृपया किल्ली द्या किंवा वेळेला मोटर सुरू करा. बस एवढंच, टोमणा नाही, धमकी नाही, जुने विषय नाहीत. तो उत्तर देवो न देवो, तारीख आणि वेळ नोंदली गेली. पोलीस चौकीत गेलात तर बहुतेक वेळा "हे दिवाणी प्रकरण आहे, कोर्टात जा" असं ऐकायला मिळतं, तरी लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्या, पुढं तीच कामाला येते. आणि कोणी सामान बाहेर काढायला लागलं किंवा अंगावर आलं तर मग विचार करत बसायचं नाही, ११२ लावायचा.

आता तुमच्या त्या वाक्याकडं येते, "कागद नाही म्हणजे आमचा काहीच हक्क नाही ना". ताई, हे वाक्य मला इतक्या जणींनी इतक्या वेळा म्हटलंय की मला वाटतं सोलापुरातल्या निम्म्या भाडेकरूंना झोप येत नसेल ती याच्याचमुळं. आणि हे चूक आहे, म्हणजे जवळजवळ उलटं आहे.

त्याच कायद्याचं कलम ५५ म्हणतं की घर भाड्याने द्या किंवा लिव्ह अँड लायसन्सवर (म्हणजे ठराविक मुदतीपुरती राहायची परवानगी) द्या, करार लेखी पाहिजे आणि रजिस्टर पाहिजे. आणि रजिस्टर करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे, तुमची नाही. नाही केला तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. त्याच्याही पुढं जाऊन कायदा सांगतो की रजिस्टर करार नसेल तर घर कोणत्या अटींवर दिलं होतं याबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते धरलं जाईल, उलट सिद्ध होईपर्यंत. म्हणजे तुम्ही म्हणालात की आम्ही दरमहा ६,५०० देणारे भाडेकरू आहोत, ३०,००० डिपॉझिट दिलंय, महिनाभरात घर सोडायचं असं कधी ठरलं नव्हतं, तर ते खोटं आहे हे त्यांनी सिद्ध करायचं. सहा वर्षं तुम्ही ज्याला आपली चूक समजून मान खाली घालताय ती चूक तुमची नाहीच.

आणि ते "अकरा महिन्यांचा करार, नोटरी केली की झालं, रजिस्टर लागत नाही" हे जे सगळीकडं चालतं, एजंट पण सांगतात, ते बाकी काही राज्यांत चालत असेल, महाराष्ट्रात अकरा महिन्यांचा करार सुद्धा रजिस्टर करावा लागतो. बाकीच्या वाचकांनी पण आपापल्या कपाटातला तो स्टँपपेपर एकदा काढून बघा.

पण नुसतं म्हणणं पुरत नाही, आपण तिथं राहतो आणि भाडं देतो हे दिसायला पाहिजे. तुम्ही म्हणाल आमच्याकडं काहीच नाही. असतं हो ताई, आपण बघत नाही. गॅसच्या पुस्तकावर पत्ता कोणता आहे? मुलांच्या शाळेच्या दाखल्यावर? आधारवर? दवाखान्याचे कागद, डेंग्यूच्या वेळचे, त्यावर पत्ता असणारच. काकूंनी कधी "भाडं मिळालं गं" असा मेसेज केला असेल, तो शोधा. आणि आजपासून भाडं रोख द्यायचं बंद, यूपीआयने किंवा बँकेतून काकांच्या नावावर, आणि खाली लिहायचं "अमुक महिन्याचं घरभाडं". रोखच पाहिजे म्हणाले तर पावती मागा, पावती देणं हे सुद्धा त्याच कायद्याने मालकावर बंधनकारक आहे. घ्यायलाच नाही म्हणाले तर "भाडं द्यायला आले होते, घेतलं नाही" असं लिहून स्पीड पोस्टने पाठवा आणि पैसे वेगळे ठेवा, खर्च करू नका. काही झालं तरी भाडं थांबवायचं नाही. राग आला की लोक पहिलं भाडं अडवतात आणि तिथंच स्वतःची बाजू कच्ची करून घेतात.

माझी आई हे सगळं न शिकता करायची. आम्ही साखर पेठेत एका खोलीत भाड्याने राहायचो, वडील मिलमध्ये होते. आईकडं एक शाळेची दुरेघी वही होती, तीत दर महिन्याला तारीख, रक्कम आणि मालकांची सही. पहिल्यांदा तिने वही पुढं केली तेव्हा मालक चिडले होते, "माझ्यावर विश्वास नाही का वैनी" म्हणाले. आई म्हणाली विश्वास आहे म्हणून तर तुमच्याच हाताने लिहून घेते. दोन-तीन महिन्यांनी ते स्वतःच खिशातून पेन काढायचे, सही करायचे, चहा घेऊन जायचे. पुढं ते वारले आणि त्यांच्या पुतण्याने आठ महिन्यांचं भाडं थकलंय म्हणून आरडाओरडा केला, तेव्हा आईने भांडण केलं नाही, वही आणली आणि त्याच्या काकांच्या सह्या एकेक करून दाखवल्या. तो खाली बसला. ती वही अजून माझ्याकडं आहे, कोपरे उंदरांनी खाल्लेत.

हे अशासाठी सांगितलं की तुमच्या पत्रात नातं एकीकडं आणि कागद एकीकडं असं धरलेलं आहे. काकांशी एवढं नातं, म्हणून कागद मागायचा नाही. पण बघा ना, आज नातं कोणाशी आहे आणि व्यवहार कोण करतंय? काकूंनी डबा दिला ते खरंच आहे, ते कोणी पुसू शकत नाही, तुम्ही पण विसरू नका. पण तो डबा मुलाने दिलेला नव्हता. माणसं बदलतात, म्हातारी होतात, मुलं परत येतात. तोंडी शब्द तो देणाऱ्याबरोबर आजारी पडतो.

आता मालकाच्या बाजूने पण थोडं बोलते, कारण तुम्हाला त्या मुलाशी बोलायचंय आणि समोरच्याची भीती कळल्याशिवाय बोलणं होत नाही. घरमालकांच्या मनात एकच भीती असते, भाडेकरू बसला की उठत नाही. ती हवेतून आलेली नाही. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली होती, आपल्या पेठांमधले कितीतरी वाडे असे आहेत जिथं भाड्यात महिन्याची भाजी पण येणार नाही, मालक दुरुस्ती करत नाही, भाडेकरू सोडत नाही आणि वाडा दोघांच्या डोक्यावर मोडत चाललाय. काकांच्या पिढीने हे डोळ्यांनी बघितलंय. म्हणून ते कागदाला घाबरतात, त्यांना वाटतं कागद केला की भाडेकरूचा हक्क लागला. खरं तर रजिस्टर लिव्ह अँड लायसन्सचा सगळ्यात मोठा फायदा मालकालाच आहे. मुदत संपल्यावर घर सोडलं नाही तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडं जाऊन ताबा मागता येतो आणि जितके दिवस जास्त राहिलात त्याचं भाडं दुप्पट लागतं. त्या मुलाला हे माहीतच नसेल, त्याला सांगा. तुमच्या तोंडून ऐकलं तर दोन पायऱ्या खाली उतरेल तो.

पण ताई, तुमच्यासाठी यात एक अडचण आहे ती लपवून ठेवणार नाही. आज कागद नाही तर तुम्ही स्वतःला भाडेकरू म्हणवू शकता, आणि भाडेकरूला काढायला कायद्याने ठराविक कारणं लागतात, कोर्टात सिद्ध करावी लागतात, नुसतं "महिनाअखेर निघा" चालत नाही. भाडेवाढ पण वर्षाला ४ टक्के एवढीच धरलेली आहे, म्हणजे तुमच्या ६,५०० वर २६० रुपये. तो मागतोय ती वाढ ३८ टक्क्यांची आहे. उलट तुम्ही लिव्ह अँड लायसन्सवर सही केली की मग त्यात लिहिलंय तेच खरं, मुदत संपली की निघायचं, चार टक्क्यांची गोष्ट संपली. म्हणजे सहीने तुम्हाला ठरलेल्या काळापुरती खात्री मिळते आणि त्याच्या पुढचा दावा हातातून जातो. म्हणून कोणी घाईघाईत "ताई, इथं सही करा, नुसती फॉर्मॅलिटी आहे" असं म्हणत कागद पुढं केला तर लगेच सही करायची नाही, घरी आणायचा, वाचायचा, कोणाला तरी दाखवायचा.

मग काय करायचं? मला विचाराल तर कोर्टात भाडेकरू म्हणून लढत राहणं हा तुमचा आधार आहे, पण ते पहिलं पाऊल नको. केस वर्षानुवर्षं चालते, आणि तुम्ही त्याच जिन्याने वर-खाली करणार, मुलगी दहावीला जाणार. काही जणींसाठी लढणं हाच मार्ग असतो, जिची म्हातारी सासू अंथरुणाला आहे, जिला दुसरीकडं कोणी घर देत नाही, तिने लढावं आणि तिच्या बाजूने कायदा आहे. तुमच्या पत्रातून मला असं दिसतं की तुम्हाला घर हवंय त्यापेक्षा पाय ठेवायला वेळ हवाय, मुलीची दहावी होईपर्यंतचा. ते आधी स्वतःशी नक्की करा, रात्री दोघं बसून. कारण दोन वर्षांची खात्री पाहिजे असेल तर बोलणी वेगळी आणि मे महिन्यात निघायचंच असेल तर बोलणी वेगळी.

दोन वर्षं पाहिजेत असं ठरलं तर माझं मत असं की रजिस्टर करार चोवीस महिन्यांचा करायला सांगा आणि भाड्यात थोडं पुढं या, सात हजारांच्या वर, साडेसातपर्यंत, दुसऱ्या वर्षी किती वाढणार ते आत्ताच आकड्यात लिहून. तुमच्या भागात तसल्याच दोन खोल्यांना काय चाललंय ते तीन-चार घरं विचारून या म्हणजे ९,००० खरे आहेत की मुलाने पुण्याच्या हिशोबाने सांगितलेत ते कळेल. खर्चाचं भूत करून सांगतात पण खर्च फार नाही. स्टँप ड्युटी पूर्ण मुदतीचं भाडं आणि डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरून येणारी रक्कम यांच्या बेरजेवर ०.२५ टक्के. म्हणजे ७,५०० प्रमाणे चोवीस महिन्यांचे १,८०,००० आणि डिपॉझिटचे ६,००० धरले तर साधारण ४६५ रुपये, रजिस्ट्रेशन फी महापालिका हद्दीत १,०००, वर ऑनलाईनचा किरकोळ चार्ज आणि जो माणूस अंगठे घ्यायला मशीन घेऊन घरी येतो त्याचे पैसे. अर्धा खर्च मी देते असं तुम्हीच म्हणा, बोलणं सोपं होईल.

करारात काय लिहून घ्यायचं हे मात्र नीट ऐका. पाण्याची ओळ पाहिजेच, नळाच्या वेळी मोटर चालू राहील आणि वरची टाकी भरेल अशी साध्या मराठीत. डिपॉझिट ३०,००० सहा वर्षांपूर्वी मिळालेलं आहे हे तारखेसकट लिहा, नाहीतर नवीन करारात ते गायब होतं. घर सोडताना डिपॉझिट कधी परत, तर ताबा देतानाच. रंगकामाचा खर्च कोणाचा. आणि दोन्ही बाजूंनी किती दिवसांची नोटीस, मालक पहिल्या अमुक महिन्यांत काढणार नाही ही अट. लाईटचं मीटर वेगळं नसेल तर तेही बघा, एकाच मीटरवर दोन घरं असली की युनिट एकत्र मोजली जातात आणि वरच्या स्लॅबचा चढा दर लागतो, मग सबमीटरवर दहा-बारा रुपये युनिट घेतात आणि आपण देतो. वेगळ्या मीटरसाठी राहणारा माणूस स्वतः अर्ज करू शकतो, आणि मालकाने ना हरकत दिली नाही एवढ्यावरून भाडेकरूची वीज अडवता येत नाही असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सांगितलंय. रजिस्टर कराराचा अजून एक उपयोग, ज्यांची मुलं लहान आहेत त्यांच्यासाठी सांगते, आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, पंचवीस टक्के राखीव जागांतल्या प्रवेशाला राहण्याचा पुरावा म्हणून भाडेकरार दाखवायचा तर तो रजिस्टरच लागतो, नोटरीवाला चालत नाही, आणि हे आया-बापांना फॉर्म भरायच्या दिवशी कळतं.

बोलायला जाताना दोघं जा, काका-काकू दोघं घरी असताना जा, मुलासमोरच बोला पण सुरुवात काकांपासून करा. आवाज चढला तर उठून या, "उद्या बोलू" म्हणून. बोलणं संपल्यावर जे ठरलं ते त्याच रात्री मेसेजवर टाका.

रंगाच्या बारा हजारांबद्दल. सहा वर्षं माणसं राहिली की भिंती मळतात, स्वयंपाकाच्या ओट्यामागं तेलाचे डाग पडतात, दाराचा रंग उडतो. याला नुकसान म्हणत नाहीत, ही राहण्याची झीज, आणि तिचं भाडं तुम्ही दर महिन्याला दिलेलंच आहे. खिडकीची काच फोडली, बेसिन तोडलं, तर त्याचे पैसे द्यायचे, ते पण बिल बघून.

आता भावाच्या म्हणण्याकडं येते, "नाव झालं तर पुढं कोणी घर देणार नाही". ही भीती मी खोटी म्हणणार नाही. सोलापुरात घरं ओळखीतून मिळतात, मालक एकमेकांना ओळखतात, आणि घर देताना आडनाव विचारतात, जात-धर्म विचारतात, काय खाता विचारतात, एकटी बाई असेल तर कोण येतं-जातं विचारतात. एका नर्सताईंनी मला लिहिलं होतं की चौदा घरं बघितली, नऊ ठिकाणी आडनाव सांगितल्यावर घर "कालच गेलं" होतं. खासगी मालक असं करतो तेव्हा त्याला हात लावणं अवघड जातं आणि त्यासाठी सरळ, स्पष्ट कायदा व्हायला पाहिजे हे मी परत परत लिहीन. पण भावाला एवढं विचारा, गप्प बसून पाणी नसलेल्या घरात राहिल्याने चांगलं नाव होतं का? वेळेवर भाडं देणारी, लिहून मागणारी, शांत बोलणारी भाडेकरू असं नाव झालं तर त्यात वाईट काय. मालक एकमेकांशी बोलतात, भाडेकरू बोलत नाहीत, सगळी भीती तिथून येते. तुमच्या गल्लीत, बचत गटात, शिलाईच्या बायकांत विचारून बघा किती जणींच्या डिपॉझिटची पावती आहे. पाच-सहा जणी निघाल्या की नगरसेवकाकडं एकत्र जाता येतं, वॉर्डातल्या मालकांना पाण्याबद्दल समज द्यायला सांगता येतं. एकटीने सांगितलं तर घरगुती भांडण म्हणतात.

आणि हे पण मनातलं लिहूनच टाकते. हेच सोलापूर आहे जिथं विडी कामगार बायकांनी आणि यंत्रमागावरच्या माणसांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढून घरं मिळवली, कुंभारीला रे नगरची तीस हजार घरांची वसाहत उभी राहिली आणि त्यातल्या पंधरा हजार घरांच्या चाव्या जानेवारी २०२४ मध्ये वाटल्या गेल्या. ते फार मोठं काम आहे. पण ज्यांचा नंबर लागला नाही, जे विद्यापीठात शिकायला अक्कलकोट-मंगळवेढ्याहून येतात, जे एमआयडीसीत बदली कामगार आहेत, ते भाड्यानेच राहणार, आणि त्यांच्यासाठी कोण बोलतं? केंद्राने २०२१ मध्ये नमुना भाडेकरू कायदा मंजूर केला. त्यात राहत्या घराला डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घ्यायचं नाही असं आहे, म्हणजे आजच्या भाड्याने सुद्धा तुमच्याकडून १३,००० च घेता आले असते, ३०,००० नाही. मालकाला घरात यायचं तर चोवीस तास आधी कळवायचं, पाणी-वीज तोडायची नाही, आणि तक्रारीसाठी जिल्ह्यात वेगळं भाडे प्राधिकरण, म्हणजे दिवाणी कोर्टाच्या रांगेत उभं राहायला नको. तो एकतर्फी पण नाही, मुदत संपून घर सोडलं नाही तर पहिले दोन महिने दुप्पट आणि मग चौपट भाडं त्यातच आहे. पण तो नुसता नमुना आहे, राज्याने आपला कायदा केल्याशिवाय आपल्याला लागत नाही. उत्तर प्रदेश आणि आसामने २०२१ मध्ये केले, तामिळनाडूचा तर त्याच्याही आधीचा, २०१७ चा आहे. माझं म्हणणं एवढंच की डिपॉझिटची मर्यादा आणि जवळचं, लवकर निकाल देणारं ऑफिस या दोन गोष्टी महाराष्ट्राने घ्याव्यात, आणि कलम ५५ सारखं जे आपल्याकडं आधीपासून चांगलं आहे त्याला हात लावू नये. आमदार-खासदार मतं मागायला येतात तेव्हा रस्ता आणि पाणी विचारतो तसं हे पण विचारा.

वकिलाच्या फीची काळजी करत असाल तर जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, तिथं बायकांना मोफत वकील मिळतो, उत्पन्न किती ते न बघता. फोनवर विचारायचं तर १५१००. पाण्याचा व्हिडिओ, मेसेज, गॅसचं पुस्तक आणि भाड्याच्या नोंदी एका पिशवीत घालून घेऊन जा. सल्ला घेणं म्हणजे केस करणं नाही, काकूंना कळलं तरी त्यात लाज वाटायचं कारण नाही.

आणि शेवटी निघायचंच ठरलं तर मे महिना मागा, तोही लिहून, आणि तोपर्यंत पाणी सुरळीत. डिपॉझिट शेवटच्या महिन्यांच्या भाड्यात वळतं करायला मालक तयार असेल तर सगळ्यात बरं, पण तेही मेसेजवर त्याच्याकडून हो आलं तरच, आपल्या मनाने नाही. ट्रक भरायच्या आदल्या दिवशी रिकाम्या खोल्यांचे, भिंतींचे, मोरीचे, मीटरच्या आकड्याचे फोटो काढा, काकूंना वर बोलवून घर दाखवा. आणि किल्ली द्यायची ती डिपॉझिट खात्यात जमा झाल्याचा मेसेज आल्यावर, जिन्यातच उभं राहून, एका हाताने हे आणि दुसऱ्या हाताने ते. "तुम्ही जा, दोन दिवसांत पाठवतो" असं म्हणाले तर म्हणा, चालेल की, मी पण दोन दिवसांनी किल्ली आणून देते.